डेक शीटचं काम: पडण्यापासून बचावाचा आराखडा पहिला पत्रा चढण्याआधी कसा करायचा

उंचीवरच्या इतर कामांत धोक्याची कडा एका जागी असते. स्टीलच्या फ्रेमवर डेक शीट (ज्यांच्यावर काँक्रीट ओतून मजला होतो ते पत्रे) अंथरताना ती कडा दर पत्र्यागणिक पुढे सरकते. सकाळी जिथे पोकळी होती तिथे दुपारी चालता येतं, आणि सकाळी ज्या ठिकाणी हूक लावला होता ती जागा दुपारी आठ मीटर मागे राहिलेली असते. म्हणून ‘सर्वांनी फुल बॉडी हार्नेस घालावा व डबल लॅनयार्ड वापरावा’ एवढंच लिहिलेला आराखडा जेवणाच्या सुट्टीपर्यंतही टिकत नाही. लॅनयार्डचा, म्हणजे हार्नेसला जोडलेल्या दोराचा, हूक कशाला लावायचा याचं उत्तर त्यात नसतं, आणि उत्तर नसलं की माणूस हूक स्वतःच्याच हार्नेसला अडकवून काम करतो. हे चित्र कुठल्याही साइटवर दिसेल.

माझं म्हणणं असं की डेकच्या कामात पडण्यापासून बचाव हा आधी क्रमाचा प्रश्न आहे आणि मग साहित्याचा. कुठला बीम कधी बसणार, पत्र्यांचं बंडल कधी आणि कुठे उतरणार, कुठल्या बाजूने पत्रे सुरू होणार, हे ठरलं की हार्नेस, जाळी, लाइफलाइन (हूक अडकवण्यासाठी ताणलेला दोर) यांची निवड बरीचशी आपोआप होते.

चाकणचा कारखाना असो, भिवंडीच्या गोदामातला मेझानाइन असो किंवा पुण्या-मुंबईतली स्टील फ्रेमची ऑफिस इमारत, पद्धत तीच. समजण्यासाठी एक इमारत धरू: तळ अधिक चार मजले, तळमजल्याची उंची ६ मीटर, वरच्या मजल्यांची ४.२ मीटर, कॉलम ९ मीटरवर, दुय्यम बीम ३ मीटरवर, डेक शीट १ मिलिमीटर जाडीची आणि ९०० मिलिमीटर रुंद.

भारतात १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याखालचे (नोव्हेंबर २०२५ मध्ये त्या कायद्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली) १९९८ चे केंद्रीय नियम जाळ्या, हार्नेस, लाइफलाइन आणि उघड्या कडांबद्दल बोलत; डेक शीटच्या कामाला मात्र त्यांत वेगळं प्रकरण नव्हतं. तपशील अमेरिकेच्या ‘ओशा’ या कामगार-सुरक्षा संस्थेच्या स्टील इरेक्शनच्या (स्टीलची फ्रेम उभारण्याच्या) नियमांत सापडतो. २००१ साली आलेले हे नियम आपल्याला बंधनकारक नाहीत, पण आराखडा लिहिताना उपयोगी आहेत. त्यातलं काय घ्यायचं आणि काय सोडायचं, ते ओघात सांगतो.

पायरी १: सुरुवात शॉप ड्रॉइंगपासून

आराखडा साइटवर लिहायला घेतला तर निम्मा उशीर आधीच झालेला असतो. फॅब्रिकेशनचं ड्रॉइंग मंजुरीला येतं तेव्हाच चार गोष्टी त्यात घालून घ्या.

बाहेरच्या कडेचे कॉलम ज्या मजल्यावर जोडले जाणार असतील, तिथे जोड मजल्याच्या किमान १.२ मीटर वर ठेवा. त्याच कॉलमना तयार मजल्यापासून साधारण १.०७ ते १.१५ मीटर उंचीवर आणि त्याच्या मध्यावर भोकं पाडून घ्या किंवा कड्या वेल्ड करून घ्या, म्हणजे कडेचा वायर रोप ओवता येईल. ओशाच्या नियमांत हीच अपेक्षा आहे. शॉपमध्ये, म्हणजे फॅब्रिकेशनच्या कारखान्यात, हे काम काही मिनिटांचं. वर उभ्या कॉलमवर तेच करायला बूम लिफ्ट (माणसाला उंचावर नेणारं लांब भुजेचं यंत्र), वेल्डर आणि हॉट वर्क परमिट लागतं, आणि म्हणून ते होत नाही.

दुसरं, शिअर स्टड (काँक्रीट आणि बीम एकत्र धरून ठेवणारे खुंट) शॉपमध्ये लावून आणू नका. फ्लॅंजवर, म्हणजे बीमच्या वरच्या सपाट पट्टीवर, उभे स्टड असलेला बीम म्हणजे चालणाऱ्याच्या पायात ठेवलेला अडसर. स्टड डेक अंथरल्यावरच, साइटवर लागले पाहिजेत. ‘शॉपमध्ये स्वस्त पडतं’ हे कारण ऐकून घेऊ नका.

तिसरं, डक्ट आणि शाफ्टच्या लहान उघाड्यांची फ्रेम अशी असावी की डेक त्यांच्यावरून अखंड जाऊ शकेल. भोक नंतर कापता येतं. चौथं, कॉलमच्या भोवती पत्र्याला आधार देणारे अँगल ड्रॉइंगमध्ये आहेत का ते बघा. नसतील तर प्रत्येक कॉलमशेजारी पाय जाईल एवढी फट राहते.

पायरी २: खाली जागा किती, हे मोजा

ही सगळ्यात महत्त्वाची पायरी आणि सगळ्यात जास्त वेळा गाळलेली. पडलेला माणूस हवेत थांबण्याआधी किती खाली जातो? नेहमीच्या शॉक अॅब्सॉर्बरवाल्या लॅनयार्डचा हिशोब हूकच्या जागेपासून खाली मोजायचा. लॅनयार्ड २ मीटर. अॅब्सॉर्बर (झटका शोषणारी शिवलेली पट्टी) फाटून जास्तीत जास्त १.७५ मीटर लांबतो. हार्नेसच्या पाठीवरच्या कडीपासून पायापर्यंत १.५ मीटर. शिवाय सुरक्षेसाठी १ मीटर शिल्लक. एकूण ६.२५ मीटर.

आता हे आपल्या इमारतीत बसवून बघा. हूक पायाशी, म्हणजे बीमच्या फ्लॅंजला लावला, तर खाली ६.२५ मीटर मोकळी जागा हवी. मजल्याची उंची ४.२ मीटर आहे. माणूस हार्नेसला लटकण्याआधी खालच्या डेकवर आपटतो. हूक कंबरेच्या वर, १.२ मीटरवर लावला तरी डेकखाली ५.०५ मीटर लागतात, तेही नाहीत. डोक्यावर २ मीटर उंचीला लावला तर ४.२५ मीटर. पाच सेंटिमीटरने हुकलं, आणि यात लाइफलाइनचा झोल अजून धरलेलाच नाही. ६ मीटरच्या तळमजल्यावरसुद्धा पायाशी लावलेला हूक पुरत नाही.

म्हणजे आपल्याकडच्या बहुतेक बहुमजली डेकच्या कामात साध्या २ मीटर लॅनयार्डवर माणूस ‘बांधलेला’ असतो, पण वाचणारा नसतो. हा हिशोब प्रत्येक मजल्यासाठी वेगळा करा आणि आराखड्यात आकड्यांसकट लिहा. खाली उभी यंत्रं, पाइप, रचलेल्या विटा असतील तर मोजमाप त्यांच्या माथ्यापासून.

डोक्यावर अँकर (हूक लावायची पक्की जागा) मिळत असेल तर रिट्रॅक्टेबल फॉल अरेस्टरने, म्हणजे गाडीच्या सीट बेल्टसारखा दोर आत ओढून झटक्याला अडकणाऱ्या साधनाने, चित्र पालटतं. युरोपीय मानकानुसार तो जास्तीत जास्त २ मीटरमध्ये थांबवतो. शिलकीचा १ मीटर धरला तर पायाखाली ३ मीटर पुरतात. ४.२ मीटरच्या मजल्यात हे आरामात बसतं. पण दोन अटी आहेत. अँकर खरोखर डोक्यावर हवा, आणि डेकच्या कडेवरून दोर घासला जाणार असेल तर धारेवर चाचणी झालेलं मॉडेल हवं. डेक शीटची कापलेली कड सुरीसारखी असते. साधी पट्टी किंवा बारीक तार तिच्यावर झटक्याने ताणली गेली की तुटू शकते. अरेस्टर पायाशी ठेवून वापरायचा असेल, तर उत्पादकाने तशा वापराला लेखी परवानगी दिलेली आहे का ते पाहूनच.

पायरी ३: डोक्यावर अँकर मिळेल असा क्रम लावा

कॉलम बहुधा दोन मजल्यांच्या लांबीचे येतात. दोन्ही मजल्यांचे बीम बसवून मग खालच्या मजल्याचा डेक अंथरला, तर वरच्या मजल्याचे बीम बरोबर डोक्यावर, ४ मीटरच्या आसपास उंचीला मिळतात. दुय्यम बीम ३ मीटरवर असल्यामुळे कुठल्याही पत्र्यापासून अँकर आडवा दीड मीटरहून लांब नसतो. अँकर फार बाजूला असेल तर माणूस झोका खाऊन कॉलमवर आदळतो. ती भीतीही इथे कमी होते. अरेस्टर बीम क्लॅम्पला किंवा बीमभोवती गुंडाळलेल्या अँकर स्लिंगला लावायचा, आणि तो लावण्याचं काम बूम लिफ्टवरून.

अडचण एकच, आणि ती मीटिंगमध्ये कुणाच्या लक्षात येत नाही: बंडल. ९ मीटर लांबीचे पत्रे दुय्यम बीमांच्या तीन गाळ्यांवरून सलग जाणार असतील तर ते बंडल वरच्या ३ मीटरवरच्या बीमांमधून आडवं खाली उतरत नाही. मग क्रेनवाला ते तिरपं करतो आणि पुढचं सगळं धोक्याचं. उपाय क्रमातच आहे. खालच्या मजल्याचे बीम बोल्टसह पक्के झाले की त्या मजल्याची बंडलं आधी जागेवर उतरवायची, पट्ट्या न कापता बीमला बांधून ठेवायची, मग वरचे बीम चढवायचे आणि मग डेक सुरू करायचा. इरेक्शनचा आणि डेकचा ठेकेदार वेगळा असेल तर हा क्रम दोघांच्या सहीने ठरला पाहिजे. नाहीतर इरेक्शनवाला आपलं टनेज पूर्ण करून पुढे निघून जातो.

सगळ्यात वरच्या मजल्याला हा फायदा नाही. डोक्यावर आकाश. तिथे जाळी किंवा खास उभारलेले खांब लागतात, आणि ते आराखड्यात आधीच लिहिलेलं हवं.

पायरी ४: साधन निवडा, पण या क्रमाने

खालून करता येणारं काम वरून करू नका. जाळी लावणं, क्लॅम्प बसवणं, बोल्ट आवळणं ही कामं खाली पक्की जमीन किंवा स्लॅब असेल तर सिझर लिफ्ट वा बूम लिफ्टवरून होतात. त्या मशीनचं वजन खालचा स्लॅब पेलतो का, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून लेखी घ्या.

त्यानंतर जाळी. डेकच्या कामासाठी मला जाळी हार्नेसपेक्षा उजवी वाटते, कारण ती वापरण्यासाठी कामगाराला काहीच आठवावं लागत नाही. ब्रिटनमध्ये डेकखाली जाळी ही रुळलेली पद्धत आहे. आपल्याकडे जाळीचं मानक आयएस ११०५७. जाळी डेकच्या जितकी जवळ तितकी चांगली. ओशाची कमाल मर्यादा ९.१ मीटर आहे, पण तेवढ्या खाली लावलेल्या जाळीवर भिस्त ठेवून आराखडा करू नये. जाळी झोल घेते, तेव्हा तिच्याखालीही जागा मोजायची.

जाळीचे दोन त्रास आधीच सोडवून ठेवा. डेक अंथरल्यावर ती पत्र्याखाली अडकते. गाठी खालून, लिफ्टवरून सोडता येतील अशा बांधा. आणि वेल्डिंगच्या ठिणग्या जाळी जाळतात. वरच्या भागाचं पक्कं वेल्डिंग सुरू होण्याआधी तिथली जाळी काढून पुढच्या बेमध्ये (कॉलमांमधल्या गाळ्यात) गेलेली असावी. भोकं पडलेली जाळी पुन्हा वापरात येऊ देऊ नका.

जाळी शक्य नसेल तर माणूस कडेपर्यंत पोचणारच नाही इतका आखूड दोर द्या. तयार झालेल्या डेकवर मागे काम करणाऱ्या वेल्डर-हेल्परसाठी हे उत्तम. पत्रे अंथरणाऱ्यांना मात्र कडेपर्यंत जावंच लागतं. तिथे पडल्यावर थांबवणारी व्यवस्था, म्हणजे अरेस्टर किंवा लाइफलाइन, येते. हार्नेस आयएस ३५२१ चाच.

आडव्या लाइफलाइनबद्दल थोडं सविस्तर, कारण तिथे डोळ्यांनी अंदाज चालत नाही. १० मीटर अंतरावर ताणलेल्या दोरावर मधोमध माणूस लटकला आणि अॅब्सॉर्बरने जोर ६ किलोन्यूटनवर रोखला असं धरू. दोर इतका ताठ असेल की तो फक्त ५ अंशांनी वाकतो, तर दोन्ही टोकांना जवळपास ३४ किलोन्यूटन ताण बसतो, म्हणजे साडेतीन टनांच्या घरात. तोच दोर १५ अंशांपर्यंत झुकू दिला तर ताण साडेअकरा किलोन्यूटनवर येतो, पण दोर मध्यावर १.३ मीटर खाली जातो आणि ते १.३ मीटर पायरी २ च्या हिशोबात मिळवावे लागतात. दोर ताठ केला की खांब उपटण्याची भीती, सैल ठेवला की जमिनीवर आपटण्याची. म्हणून टर्नबकल (दोर ताणायचा स्क्रू) आवळून ‘टाइट आहे ना’ म्हणणारी लाइफलाइन आराखड्यात चालत नाही. खांब, क्लॅम्प, दोर, अॅब्सॉर्बर आणि एका वेळी किती माणसं, हे सगळं एकाच सिस्टिमचं, गणितासह हवं. स्कॅफोल्डिंगच्या पाइपला वायर रोप बांधून केलेला जुगाड नको.

पायरी ५: बंडल उतरवणं

बंडलाभोवतीच्या पॅकिंगच्या पट्ट्या उचलण्यासाठी नसतात. उचलायचा स्लिंग वेगळा, बंडल फिरू न देणाऱ्या दोऱ्या, म्हणजे टॅगलाइन, दोन. बंडल किमान दोन बीमांवर टेकलं पाहिजे, शक्यतो मुख्य बीम आणि कॉलमजवळ, बेच्या मधोमध नाही. ९ मीटरचा एक पत्रा, चौरस मीटरला १० किलो धरला, तर ८० किलोच्या आसपास भरतो. वीस पत्र्यांचं बंडल दीड टनाच्या वर जातं. त्यामुळे बंडलांच्या जागा ड्रॉइंगवर खुणा करून इंजिनिअरकडून तपासून घ्या. बंडलाचं तोंड कुठल्या बाजूला, नर-मादी कड कुठली, हे जमिनीवर असतानाच ठरवा. वर नेऊन पत्रा फिरवणं म्हणजे दोन माणसांनी ८० किलोचं शीड हातात धरून अरुंद बीमवर वळणं.

बंडलावर सुटे स्क्रू, फ्लॅशिंग, तुकडे टाकून पाठवू नका. खाली कोण उभं आहे ते वरून दिसत नाही.

पायरी ६: अंथरणं

पहिला पत्रा लिफ्टवरून किंवा आधी तयार केलेल्या मचाणावरून लावा. त्यापुढे नेहमी लावलेल्या आणि अडकवलेल्या डेकवर उभं राहून पुढचा टाकायचा. नियम साधा: न अडकवलेल्या पत्र्यावर पाय नाही. पत्रा जागेवर बसला की दोन्ही टोकांचं बीमवरचं टेकण बघा. किमान ५० मिलिमीटर हवं. मग लगेच प्रत्येक पत्र्याला किमान दोन ठिकाणी स्क्रू, खिळा किंवा टॅक (वेल्डिंगचा छोटा टाका). पक्कं वेल्डिंग आणि स्टड मागून येणारी दुसरी टोळी करेल.

सगळ्यात फसवा पत्रा तो, ज्याचं एक टोक बीमवर टेकलेलं असतं आणि दुसरं हवेत. वरून तो बाकीच्यांसारखाच दिसतो. बीमच्या पुढे निघालेल्या टोकावर पाय पडला की पत्रा उलटतो आणि माणसासकट खाली जातो. म्हणून अर्धवट पत्रा टाकून चहाला जायचं नाही. सुट्टी होण्याआधी टाकलेला प्रत्येक पत्रा अडकवलेला आणि उघडलेलं प्रत्येक बंडल पुन्हा बांधलेलं, हे मुकादमाने स्वतः फिरून पाहायचं.

ओशाचे नियम इथे एक सवलत देतात. ४.६ ते ९.१ मीटर उंचीदरम्यान, जास्तीत जास्त २७ मीटर लांब-रुंद आखलेल्या पट्ट्यात, प्रशिक्षित डेककामगारांना कडेवर न बांधता काम करता येतं. सुटा डेक ३००० चौरस फुटांच्या वर नको, अशीही अट आहे. ही सवलत आपल्याकडे घेऊ नका. तिच्यामागे नेमून दिलेली टोळी आणि ठरावीक प्रशिक्षण गृहीत धरलेलं आहे. आपल्याकडे डेकच्या टोळीतले दोघे मागच्या आठवड्यात पेंटिंगला असू शकतात.

पायरी ७: उघाड्या

भोक गरज लागेपर्यंत कापायचं नाही. कापलं की त्याच पाळीत झाकायचं. झाकण माणूस, साहित्य आणि यंत्र यांच्या एकत्रित वजनाच्या दुप्पट पेलणारं, स्क्रूने बसवलेलं, आणि भडक रंगात मराठी-हिंदीत ‘खाली भोक आहे – हलवू नका’ असं लिहिलेलं. सुटा प्लायवूड ठेवलात तर कुणीतरी तो उचलून पुढे चालू लागतो, आणि प्लायच्या आडून त्याला भोक दिसत नाही. कॉलमभोवतीच्या फटीही याच पायरीत.

हवामान

एप्रिल-मेमध्ये पश्चिम महाराष्ट्रात दुपारनंतर वळीव येतो आणि त्याआधी वाऱ्याचा झोत. पत्रे टाकण्याचं काम त्या दिवसांत सकाळी लावा, दुपारी अडकवण्याचं. वाऱ्याची मर्यादा आराखड्यात आकड्यात लिहा आणि वाऱ्याचा वेग सगळ्यात वरच्या मजल्यावर मोजा, साइट ऑफिसच्या दारात नाही. पावसात गॅल्व्हनाइज्ड पत्रा, त्यावर रोलिंगचं तेल उरलेलं असेल तर, साबणासारखा होतो. कोकणात जूननंतर कोरडा पत्रा मिळायची वाट पाहावी लागते, आणि ते दिवस वेळापत्रकात आधीच धरलेले असावेत.

लटकलेल्या माणसाला उतरवणं

‘१०१ ला फोन करू’ ही सुटकेची योजना नव्हे. हार्नेसमध्ये निश्चल लटकलेल्या माणसाच्या पायांत रक्त साचतं आणि तो काही मिनिटांतही बेशुद्ध होऊ शकतो. अग्निशमन दल तेवढ्यात चाकणच्या फाट्यावरून आत येईल याची खात्री नसते. बूम लिफ्ट कुठे उभी असेल, तिची चावी कुणाकडे, ऑपरेटर जेवायला गेला तर कोण, लिफ्ट पोचत नाही अशा कोपऱ्यात रेस्क्यू किट कोण वापरेल, हे नावानिशी लिहा. मग वाळूची गोणी हार्नेसमध्ये लटकवून एकदा करून बघा. पहिल्या सरावात बहुतेक वेळा चावीच सापडत नाही. हार्नेसला पाय टेकवायचे पट्टे लावलेले असतील तर लटकलेला माणूस शुद्धीत असताना पायांवर भार घेऊ शकतो. ते स्वस्त आहेत, घ्या.

हाइट पासबद्दल (उंचीवर कामाच्या परवान्याबद्दल) एवढंच: रक्तदाब मोजून, आठ फुटांच्या मॉक-अपवर चढवून दिलेला पास माणूस उंचीला घाबरत नाही एवढं सांगतो. डेकच्या टोळीला त्यांच्याच मजल्याचं ड्रॉइंग दाखवून, आज हूक कशाला, उद्या कशाला, हे टूलबॉक्स टॉकमध्ये (काम सुरू होण्याआधीच्या छोट्या बैठकीत) त्यांच्या भाषेत सांगावं लागतं. टोळी झारखंडची असेल तर हिंदीत.

पायरी ८: कडेचा वायर रोप आणि त्याचा मालक

डेक पुढे सरकतो तसा त्याच दिवशी बाहेरच्या कडेला वायर रोप चढला पाहिजे: वरचा सुमारे १.०७ मीटरवर, दुसरा मध्यावर, खाली टो बोर्ड (पायाशी उभी पट्टी). दोर किमान ६ मिलिमीटरचा आणि दर १.८ मीटरला दिसेल अशी झेंडी. वरच्या दोरावर ९० किलोचा जोर दिला तरी तो १ मीटरच्या खाली झुकता कामा नये. हा दोर कडेच्या कठड्यासाठी आहे. हार्नेसचा हूक त्याला लावायचा नाही, जोवर तो त्यासाठी डिझाइन झालेला नाही.

डेकची टोळी निघून गेल्यावर हा दोर ज्याच्या-त्याच्या वाटेत येतो. काचेवाला पॅनल आत घ्यायला सोडतो, पाइपवाला सोडतो, आणि परत बांधत कुणीच नाही. म्हणून हँडओव्हरच्या कागदावर मजल्यानुसार लिहून घ्या: आजपासून या कडेचा दोर कुणाच्या ताब्यात, सोडायचा असेल तर परमिट कोण देणार, सोडलेल्या वेळात तिथली माणसं कशाला बांधलेली असतील, आणि संध्याकाळी तो परत बांधलाय हे कोण पाहणार. भिंत किंवा पक्कं रेलिंग पूर्ण होईपर्यंत तो कागद बंद करू नका.